रेड टाइड असताना बाबांना (दमा) सारासोटाला न्यावं का?

केतकी_अटलांटा

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुण्याहून आले आहेत. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून फ्लोरिडात सारासोटाजवळच्या सिएस्टा की बेटावर जायचं म्हणून उन्हाळ्यातच बीचला लागून एक घर बुक केलं होतं. परवा एका मैत्रिणीने त्या भागातल्या किनाऱ्यावरच्या, रेड टाइडमुळे म्हणजे विषारी शैवालामुळे मेलेल्या माशांचे फोटो पाठवले आणि विचारलं, "तुम्ही अजून जाणार आहात?" तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय.

बाबांना दमा आहे. फार तीव्र नाही, पण पंप कायम खिशात असतो. आईला समुद्र म्हणजे जीव की प्राण. मुलं दोन महिन्यांपासून बादल्या-फावडी काढून बसली आहेत. घरमालकाला विचारलं तर म्हणतो, ही नैसर्गिक आपत्ती आहे, पैसे परत मिळणार नाहीत, आणि "तसं काही विशेष नाहीये, मीडिया उगाच वाढवतो."

प्रश्न असा, की हे खरंच किती गंभीर असतं? पाण्यात नाही उतरलं, नुसतं वाळूत बसलं तर चालतं का? की सरळ पैसे सोडून द्यावेत आणि अटलांटिकच्या बाजूला जावं? तिथे राहणाऱ्या किंवा अनुभव घेतलेल्या लोकांनी कृपया लिहा.

बाष्कळ_बंड्या

समुद्र लाल झालाय म्हणजे नक्की कुठल्या पक्षाची सत्ता आली तिथे? (हलके घ्या)

गल्फवासी

केतकी, मी बरीच वर्षं सारासोटा काउंटीत राहतो, बीचपासून गाडीने दहा मिनिटांवर. तुमचा घरमालक अर्धं खरं बोलतोय. नेमकं ते अर्धंच त्याच्या सोयीचं आहे.

रेड टाइड म्हणजे कॅरेनिया ब्रेविस नावाच्या एकपेशीय जिवाची अफाट वाढ. हा बहर किनाऱ्यावर सुरू होत नाही. तो मेक्सिकोच्या आखातात दहा ते चाळीस मैल आत सुरू होतो आणि वारा नि प्रवाह त्याला किनाऱ्याकडे ढकलतात. म्हणून तो सगळीकडे सारखा नसतो. एका बीचवर माणसं खोकून बेजार असतात आणि पाच मैलांवरच्या बीचवर लग्न लागत असतं. हे मी लिहायचं म्हणून लिहीत नाही, पाहिलंय.

याचं विष पाण्यातच राहत नाही. लाट फुटली की पेशी फुटतात आणि विष तुषारांबरोबर हवेत येतं. त्यामुळे "पाण्यात नाही उतरलं तर चालेल का" या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. वारा समुद्राकडून जमिनीकडे असेल तर वाळूत छत्रीखाली बसलेल्या माणसालाही घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, कोरडा खोकला लागतो. तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर त्याच पाण्याशेजारी तुम्ही आरामात बसाल.

तेव्हा फ्लोरिडाची बातमी बघू नका, त्या दिवसाचा त्या बीचवरचा वारा बघा. राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचा, म्हणजे एफडब्ल्यूसीचा नकाशा असतो. एका लिटरमध्ये किती पेशी सापडल्या त्यावर रंग ठरतो. दहा हजारांपासून एक लाखापर्यंत पिवळा, दहा लाखांपर्यंत नारिंगी, त्यापुढे लाल. हा नकाशा गेल्या काही दिवसांतलं पाणी सांगतो. आजची हवा बघायची असेल तर इथल्या मोट मरीन लॅबोरेटरीचं बीचच्या परिस्थितीचं पान बघा. तिथे जीवरक्षक आणि स्वयंसेवक स्वतः उभे राहून मेलेले मासे, खोकला, वारा असं सगळं नोंदवतात. अमेरिकेच्या समुद्र-हवामान खात्याचं, म्हणजे नोआचं, श्वसनत्रासाचं भाकीतही असतं, त्यात पुढच्या काही तासांचा वारा धरलेला असतो.

फुप्फुसवाला

माझं कामच छातीचं आहे, त्यामुळे फक्त बाबांपुरतं लिहितो.

निरोगी माणसाला याचा जो त्रास होतो तो बहुतेक वेळा तात्पुरता असतो. बीचवरून निघून बंद खिडक्यांच्या, एसी लावलेल्या खोलीत गेलं की थोड्या वेळात बरं वाटतं. दम्याच्या रुग्णाचं तसं नाही. सारासोटाच्याच किनाऱ्यावर दमेकऱ्यांना तासभर बसवून, आधी आणि नंतर त्यांची फुप्फुसं तपासून अभ्यास झालेले आहेत. बहर असताना त्यांची लक्षणं वाढली आणि फुंकण्याची क्षमता घटली. काहींना त्रास घरी गेल्यावरही जाणवत राहिला. विषाचे कण किनाऱ्यापासून चार किलोमीटर आतपर्यंत मोजले गेले आहेत. बीचला लागून असलेलं घर म्हणजे रात्रीसुद्धा तीच हवा.

जायचंच असेल तर पंप आणि नेहमीचं औषध चुकवू नका, जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला आणि बहराच्या दिवशी त्यांना बीचवर नेऊच नका. "दहा मिनिटं बघून येऊ" हे दमेकऱ्यांचं आवडतं वाक्य आहे. तिथे ठाम राहा. माझं मत विचाराल तर मी माझ्या वडिलांना बीचवरच्या घरात ठेवणार नाही. आत कुठेतरी राहीन आणि हवा चांगली असेल त्या दिवशी घेऊन जाईन.

टँपा_बे_वाला

मला वाटतं इथे जरा जास्तच भीती घातली जातेय. मी रिअल इस्टेटमध्ये आहे, त्यामुळे "याचा स्वार्थ आहे" असं म्हणणार असाल तर आधीच म्हणून घ्या. रेड टाइड फ्लोरिडात कारखाने आणि कंडो यायच्या कितीतरी आधीपासून आहे. १८४४ पासूनच्या मासे मेल्याच्या लेखी नोंदी आहेत. १९४६-४७च्या मोठ्या बहरानंतर हा जीव ओळखला गेला. निसर्गाचं चक्र आहे, येतं आणि जातं. पण टीव्हीवर एक मेलेला मासा दाखवला की शेकडो मैलांचा किनारा ओस पडतो. इथल्या वेटरच्या, बोटवाल्याच्या पोटावर पाय येतो त्याचं काय?

गल्फवासी

@टँपा_बे_वाला, पोटावर पाय येतो हे मान्य. पण २०१८ आठवतंय ना? ऑक्टोबर २०१७ला आला तो २०१९च्या सुरुवातीपर्यंत हलला नाही. ऑगस्टमध्ये गव्हर्नर रिक स्कॉटना सात काउंट्यांत आणीबाणी जाहीर करावी लागली. सॅनिबेलला सव्वीस फुटी व्हेल शार्क वाहून आला. समुद्री कासवं, मॅनटी म्हणजे समुद्रगायी, अजस्र गोलायथ ग्रूपर मासे, सगळं किनाऱ्यावर. आमच्या मुलांची मधली सुट्टी शाळेच्या आत व्हायची. दुकानातून गाडीपर्यंत जाताना तोंडावर रुमाल. लोक सांगायचे "येतं आणि जातं", आणि आम्ही विचारायचो, कधी?

पर्यटक बुकिंग रद्द करतो. आम्ही घर रद्द करू शकत नाही.

मोटेलवाला_काका

दोन्ही बाजू बरोबर आहेत, कारण मी दोन्ही बाजूंना मार खाल्लाय.

माझं छोटं मोटेल आहे, आखाताच्या किनाऱ्यावर, गावाचं नाव सांगत नाही. २०१८च्या उन्हाळ्यात फोन वाजला की बायको म्हणायची, "उचलू नका, रद्द करायलाच असेल." साफसफाईला येणाऱ्या बायकांचे तास निम्म्यावर आणावे लागले. त्यांना कुठला विमा नि कुठलं काय. राज्याने छोट्या धंद्यांना तातडीचं कर्ज देऊ केलं, पण कर्ज ते कर्जच, फेडायचं आपणच. रोज पहाटे ट्रॅक्टर वाळूवर दात्याचा पंजा फिरवून मासे गोळा करायचे आणि दुपारच्या भरतीला पुन्हा तेवढेच. तो वास पडद्यांतून जात नाही. नवे पडदे घेतले.

तरी गिऱ्हाइकाला मी खोटं कधी सांगितलं नाही. विचारलं की सांगायचो, आज खोकला आहे, उद्याचं सांगू शकत नाही, तारीख पुढे ढकलून देतो. पैसे परत देण्यापेक्षा तारीख पुढे ढकलणं मालकालाही परवडतं. केतकीताई, तुमच्या मालकाकडे "परत द्या" असा हट्ट धरू नका, "एप्रिलमध्ये बदलून द्या" म्हणा. बहुतेक ऐकतील. लेखी घ्या मात्र. आणि बुकिंगच्या कागदात कुठल्याही कारणाने रद्द करण्याचा विमा जोडलाय का तेही बघा. साध्या प्रवासविम्यात हे सहसा बसत नाही.

पिवळा_पितांबर

मस्त धागा. एक बाळबोध शंका. कॅनकूनला गेलो होतो तेव्हा सगळा किनारा तपकिरी गवताने भरला होता आणि सडक्या अंड्याचा वास येत होता. तीच ही रेड टाइड का?

प्लवक

नाही, ते सरगॅसम. मोठं, डोळ्यांना दिसणारं तरंगतं समुद्री शैवाल. २०११पासून कॅरिबियनमध्ये त्याचे प्रचंड लोंढे येऊ लागले. किनाऱ्यावर सडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, वास त्याचा. मायामीच्या बाजूलाही ते येतं, पण त्याचा हंगाम मुख्यतः वसंत आणि उन्हाळा. फ्लोरिडातच तिसरा प्रकार आहे तो ओकीचोबी तलावाचा. ते गोड्या पाण्यातलं निळं-हिरवं शैवाल, मायक्रोसिस्टिस. तलावाची पातळी वाढली की पाणी कालव्यांतून दोन्ही किनाऱ्यांकडे सोडतात आणि हिरवा लगदा नद्यांत उतरतो. २०१८ मध्ये दक्षिण-पश्चिम फ्लोरिडाला नदीतून हिरवं आणि समुद्रातून लाल असे दोन्ही एकदम भेटले. तीन वेगळे जीव, तीन वेगळी कारणं. बातम्यांत मात्र सगळ्याची एकच भाजी होते.

"नैसर्गिक की मानवनिर्मित" या वादावर माझे दोन पैसे. सुरुवात नैसर्गिक आहे यात फारसं दुमत नाही. सहारा वाळवंटातली धूळ अटलांटिक ओलांडून आखातात पडते, त्यातल्या लोहावर ट्रायकोडेस्मियम नावाचा सूक्ष्मजीव वाढतो, तो हवेतला नत्र पाण्यात आणतो आणि तो नत्र कॅरेनियाच्या तोंडी पडतो. पण एकदा बहर किनाऱ्याला टेकला की पुढची पंगत कोण वाढतं? शेतातलं खत, सेप्टिक टँक, लॉन, सांडपाणी. म्हणजे आग आपण लावली नाही, पण तेलाचा डबा आपल्याच हातात आहे.

टँपा_बे_वाला

हेच तर म्हणतोय, सुरुवात नैसर्गिक.

गल्फवासी

आणि पायनी पॉइंट? २०२१च्या वसंतात जुन्या फॉस्फेट कारखान्याच्या तळ्याला गळती लागली म्हणून साडेएकवीस कोटी गॅलन पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी टँपा बेमध्ये सोडलं गेलं. त्याच उन्हाळ्यात सेंट पीटर्सबर्गच्या किनाऱ्यावरून टनावारी मासे उचलले. एकामुळेच दुसरं झालं असं कोर्टात सिद्ध करणं वेगळी गोष्ट. पण आमच्या काउंटीत २००७पासून जून ते सप्टेंबर लॉनला नत्राचं नि फॉस्फरसचं खत घालायला बंदी आहे, ती काय उगाच?

बाष्कळ_बंड्या

आमच्या सोसायटीत बारा महिने लॉनच नाही. पर्यावरणात आम्हीच पुढे.

संपादक_२

पक्षीय राजकारणाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्तीच्या बाबांना दमा आहे, धाग्याला होऊ देऊ नका.

रत्नांग्रीकर

फ्लोरिडाचं वाचून आमच्याकडचं आठवलं म्हणून थोडं अवांतर.

आमच्याकडे थंडीत रात्री लाटा निळ्या चमकतात. माझे आजोबा मासेमारीला जायचे, त्यांना त्यात काही अप्रूप नव्हतं. जाळं ओढताना पाणी पेटल्यासारखं दिसतं एवढंच सांगायचे. हल्ली मोबाइलमुळे त्याची गर्दी झाली. देवगड, जुहू, कुठे दिसलं की रात्रीतून व्हिडिओ फिरतो आणि दुसऱ्या दिवशी पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या हजर. माझं होमस्टे आहे, तेव्हा तक्रार करत नाही. पण हेसुद्धा शैवालच ना? मग तिथे लोक खोकतात आणि आमच्याकडे सेल्फी काढतात, हे कसं? आम्हाला घाबरायला हवं का?

प्लवक

@रत्नांग्रीकर, चांगला प्रश्न. मी गोव्यात याच क्षेत्रात काम करतो.

तुमच्या निळ्या लाटा नॉक्टिलुका सिंटिलान्स नावाच्या एकपेशीय जिवामुळे. हलवलं की तो प्रकाश देतो. कॅरेनियासारखं मज्जातंतूंवर चालणारं विष त्याच्यात नाही, त्यामुळे किनाऱ्यावर बसून खोकला लागणार नाही. पण अगदी निरुपद्रवी असंही नाही. दाट बहरात तो अमोनिया साठवतो, आणि बहर मरून कुजला की पाण्यातला प्राणवायू संपतो. तेव्हा मासे मरतात किंवा दूर जातात. दिवसा त्याच पाण्यावर लालसर किंवा हिरवट तवंग दिसतो. हिरव्या नॉक्टिलुकाच्या पोटात दुसरं हिरवं शैवाल राहतं आणि त्याला आतल्या आत अन्न पुरवतं. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याच्या शेवटी हे हिरवे बहर अवकाशातून दिसण्याइतके पसरतात. समुद्रातल्या अन्नसाखळीसाठी ती चिंतेची गोष्ट आहे, कारण माशांना हवी असलेली बारीक वनस्पती तो खातो आणि त्याला खाणारे मुख्यतः जेलीफिशसारखे प्राणी, मासे नव्हेत.

लोक खोकले, आजारी पडले असं भारतात कधीच झालं नाही असंही समजू नका. २००४च्या सप्टेंबरात केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर बहर कुजून असा दर्प सुटला की मळमळ आणि श्वासाच्या त्रासाने शाळकरी मुलांना इस्पितळात न्यावं लागलं. त्याआधी १९९७ मध्ये विळिंजमला विषारी शिंपल्या खाऊन सात माणसं गेली.

सुरमई_प्रेमी

सात माणसं शिंपल्या खाऊन?? मी परवाच तिसऱ्यांचं सुकं ओरपलंय.

प्लवक

घाबरू नका. शिंपल्या, कालवं, शिनाणे पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यात विषारी शैवाल असेल तर विष त्यांच्या अंगात साठतं. उकळून, तळून, मसाला घालून ते जात नाही. नेहमीच्या दिवसांत काही होत नाही. पाण्याचा रंग बदलला असेल, मासे मरून वर आले असतील तर त्या भागातल्या शिंपल्या काही आठवडे टाळाव्यात एवढंच.

सुरमई_प्रेमी

मसाला घालूनही जात नाही म्हणजे विष फारच जालीम.

अॅडलेडची_अश्विनी

इथे दक्षिण ऑस्ट्रेलियातून लिहितेय. आम्ही २०२५ मध्ये हे सगळं पाहिलं, तेही असं काही असतं हे ठाऊक नसताना.

मार्चमध्ये वेटपिंगा नावाच्या बीचवर सर्फिंग करणाऱ्यांचे घसे धरले, डोळ्यांपुढे अंधुक व्हायला लागलं, पाण्यावर जाड पिवळसर फेस. आधी वाटलं सांडपाणी असेल. मग कॅरेनिया मिकिमोटोई हे नाव कानावर आलं. नंतर कळलं की त्याच कुळातल्या आणखी जाती होत्या आणि तुमच्या फ्लोरिडातलं विष इथेही सापडलं. कारणं विचाराल तर २०२४च्या सप्टेंबरपासून समुद्र सरासरीहून अडीच अंशांनी तापलेला, त्याआधी मरे नदीच्या पुराने आणलेलं खतपाणी, खालून वर आलेलं थंड पाणी, सगळं एकावर एक. हिवाळ्यात अॅडलेडच्या शहरातल्या बीचवर रे, शार्क, कटलफिश, पानांसारखे ते सुंदर लीफी सीड्रॅगन, सगळे मेलेले. जुलैमध्ये राज्य आणि केंद्र सरकारने प्रत्येकी एक कोटी चाळीस लाख डॉलर काढले.

माझा लेक रोज संध्याकाळी कुत्र्याला घेऊन बीचवर जायचा. ते बंद झालं. कुत्री मेलेले मासे खातात, फेस चाटतात, आणि त्यांना हे फार बाधतं. केतकी, तुमच्याकडे कुत्रा असेल तर त्याला आधी सांभाळा. आम्हाला सर्वांत जड गेलं ते म्हणजे कोणी ठामपणे सांगत नव्हतं. फ्लोरिडात निदान रोजचा नकाशा आहे याचा मला हेवा वाटतो.

नाक_वर

आमच्याकडे नकाशा असता तरी कोणी बघितलं असतं का? कोकणात मे महिन्यात डांबराचे गोळे वाहून येतात, पोरांचे पाय काळे होतात, रॉकेलने घासायचे. पावसाळ्यात जुहूला जेलीफिशसारखे दिसणारे ते निळे ब्लूबॉटल. आपण म्हणतो चालायचंच.

रत्नांग्रीकर

@नाक_वर, "कोणी बघितलं असतं का" ला तीव्र निषेध. आमच्या बोटवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर वारा, लाटा, मासा कुठे लागतोय, सगळं हैदराबादच्या इन्कॉइसकडून, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून येतं आणि सगळे बघतात. बघत नाही तो पर्यटक. लाल बावटा लावलेला असतो आणि दोन पेग झालेला माणूस म्हणतो, आम्हाला पोहता येतं.

प्लवक

इन्कॉइस उपग्रहाच्या चित्रांवरून शैवालाच्या बहराचीही माहिती देतं. पण ढगांच्या खाली उपग्रहाला दिसत नाही, आणि किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात फसगत होते. त्यासाठी पाणी बाटलीत भरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा माणूसच लागतो. फ्लोरिडाचं खरं बळ तिथे आहे. @गल्फवासी, तुमच्याकडे मोबाइल जोडलेले सूक्ष्मदर्शक वापरणारे स्वयंसेवक आहेत ना?

गल्फवासी

आहेत, त्यातला एक मीच. निवृत्तीनंतरचा उद्योग. बीचवरून पाण्याचा थेंब घ्यायचा, सूक्ष्मदर्शकावर फोन लावून छोटी चित्रफीत काढायची आणि पाठवून द्यायची. पुढचं मोजणं संगणक करतो. कॅरेनिया ज्या पद्धतीने पोहतो त्यावरून तो ओळखू येतो. झाडावरून गळणारं पान हेलकावे खात खाली येतं ना, तसा. त्यातून त्या बीचचं काही तासांचं भाकीत बनतं. शेजारचे पोरगे सुट्टीत मदतीला येतात आणि एवढ्याशा थेंबातला तो पसारा बघून पहिल्यांदा सगळे "ईईई" करतात.

टँपा_बे_वाला

हे माहीत नव्हतं. घर दाखवताना मी आता गिऱ्हाइकाला हा भाकिताचा नकाशा दाखवत जाईन. लपवून तसाही उपयोग नाही, खोकला आला की कळतंच. पण मग तुम्हीही माझं एक मान्य करा की "फ्लोरिडा बीच बंद" असे मथळे चुकीचे असतात.

गल्फवासी

ते पहिल्या प्रतिसादातच मान्य केलंय की राव, वाचा तर खरं.

तिरकस_ताई

यावर औषध का नाही? इतके पैसे, इतकी विद्यापीठं, एक शैवाल मारता येईना?

प्लवक

एक शैवाल मारता येतं, समुद्र मारता येत नाही ही अडचण. १९५०च्या दशकात फ्लोरिडात विमानातून मोरचूद फवारून पाहिलं. बहर थोडा दबला आणि पुन्हा उठला, वर तांबं पाण्यात गेलं ते वेगळंच. दक्षिण कोरियात १९९०च्या दशकापासून मत्स्यशेतीभोवती पिवळी माती फवारतात. ती शैवालाला चिकटून तळाला घेऊन बसते. फ्लोरिडातही मातीचे प्रयोग चालू आहेत. पण शेकडो चौरस मैलांवर माती टाकली तर तळाशी राहणाऱ्यांचं काय? आणि पेशी फुटली तर विष पाण्यात मोकळं होतं, ते कोण आवरणार?

केतकी_अटलांटा

बाप रे, काय काय माहिती दिलीत सगळ्यांनी! सगळं आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "हा फुप्फुसवाला डॉक्टर आपल्या शिंदे डॉक्टरांसारखाच कडक दिसतोय."

काकांनी सांगितलं तसं मालकाशी बोलले. पैसे परत म्हटल्यावर जो माणूस कायदा सांगत होता, तो तारीख म्हटल्यावर लगेच नरम झाला. एप्रिलच्या सुरुवातीचा आठवडा लेखी मिळाला. आता नाताळला काय करायचं हा प्रश्न उरलाच आहे. आईचा व्हिसा फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे एप्रिलमध्ये आम्हीच जाणार, त्या दोघांना समुद्र दाखवायचा राहील. म्हणून विचार असा की सारासोटाच्या आत, हायवेजवळ साधं हॉटेल घ्यायचं, जे आदल्या दिवशीपर्यंत रद्द करता येतं. सकाळी भाकीत बघायचं. हवा चांगली असेल तर बीच, नाहीतर मत्स्यालय, बागा, नाहीतर गाडी काढून अटलांटिक किनारा. यात काही चुकतंय का?

फुप्फुसवाला

काही चुकत नाही. बाबांना खोकला सुरू झाला तर तिथेच बसून "थांबेल" म्हणायचं नाही, गाडीत बसायचं, काचा वर, एसी आतली हवा फिरवण्यावर. पंपाने आराम पडला नाही तर थेट इमर्जन्सी. आणि शिंदे डॉक्टरांना माझा नमस्कार.

गल्फवासी

उत्तम बेत. थंडीची लाट येऊन गेली की इथे वारा एक-दोन दिवसांत ईशान्येकडे, पूर्वेकडे वळतो, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. ते दिवस पकडा. दुपारपेक्षा सकाळ बरी, दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. सिएस्टाची वाळू क्वार्ट्झची, पांढरीशुभ्र, आईंना अनवाणी चालायचा मोह होईल. मासे मेलेले असतील तर चपला घालायलाच सांगा. मेलेल्या कॅटफिशचा काटा पायात गेला तर सुट्टी इस्पितळात जाते. पाण्यात पाय बुडवलेच तर नंतर गोड्या पाण्याने धुवा.

अटलांटिकच्या भरवशावरही फार राहू नका. आखाताचा प्रवाह कधीकधी बहर वळसा घालून तिकडे नेतो, २०१८च्या ऑक्टोबरात पाम बीचपर्यंत पोचला होता. पण हे क्वचित.

सुरमई_प्रेमी

केतकीताई, जाताय तर ऑयस्टरबद्दल विचारून घ्या. हॉटेलात मिळतात ते खावेत की नाही? बाकी सगळं नंतर.

गल्फवासी

एका लिटरमध्ये पाच हजार पेशी झाल्या की त्या पट्ट्यात कालवं-शिंपल्या काढायला राज्य बंदी घालतं. म्हणजे मासे मरायला लागायच्याही आधी. त्यामुळे परवाना असलेल्या हॉटेलातले खायला हरकत नाही, ते तपासलेल्या पाण्यातून येतात. स्वतः खडकावरून खरवडून खायचे नाहीत. कोळंबी, खेकड्याचं मांस, ताज्या पकडलेल्या माशाचे आतडी काढलेले तुकडे चालतात. मेलेला किंवा मलूल मासा उचलायचा नाही.

बाष्कळ_बंड्या

म्हणजे मासा पकडला की आधी त्याला "बरं वाटतंय ना?" विचारायचं.

पिवळा_पितांबर

@रत्नांग्रीकर, आमचं ना फ्लोरिडा ना ऑस्ट्रेलिया. डिसेंबरात तुमच्याकडे आलो तर निळ्या लाटा नक्की दिसतील का? बायकोला शब्द द्यायचाय.

रत्नांग्रीकर

शब्द देऊ नका. कधी आठवडाभर दिसतात, कधी अख्खी थंडी कोरडी जाते. अमावस्येच्या आसपास या, जिथे हॉटेलांचे दिवे नाहीत असा किनारा निवडा, आणि नाही दिसल्या तर माझ्याशी भांडू नका. दरपत्रक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सुरमई_प्रेमी

मलाही व्यनि करा. जेवणासकट.